‘चारही वर्षांची फी भरा, मगच दाखला मिळेल’

पत्राचा गोषवारा : बार्शीच्या एका वाचक भगिनी लिहितात, ‘आमच्या मुलाने ऑगस्ट २०२४ मध्ये कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून पुण्यातील एका खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला. वर्षाचे शुल्क १,४०,००० रुपये असून शिक्षण शुल्काच्या ५० टक्के सवलतीमुळे ६०,००० रुपये शासन देणार आहे. उरलेले ८०,००० रुपये राष्ट्रीयीकृत बँकेने शैक्षणिक कर्जातून भरले. कर्ज चार लाखांचे मंजूर आहे आणि यजमान सहकर्जदार आहेत. वसतिगृह व मेस यांचे ७५,००० रुपये आम्ही साठवणीतून भरले. पहिल्या सत्रात मुलाचे गणित आणि मेकॅनिक्स हे विषय राहिले. त्याला हे शिक्षण नको आहे, कृषी पदवीला जायचे आहे. महाविद्यालयात चौकशी केली, तेव्हा प्रवेशाच्या वेळी दिलेल्या हमीपत्राप्रमाणे उरलेल्या तीन वर्षांचे ४,२०,००० रुपये भरल्याशिवाय दाखला आणि गुणपत्रिका मिळणार नाहीत, असे कार्यालयातून सांगितले. यजमान म्हणतात, एवढे पैसे घातले आहेत तर रडतखडत का होईना पूर्ण कर. आमचे उत्पन्न वर्षाला चार लाखांच्या आत आहे. आम्ही काय करावे?’

ताई,

आपण ज्या रकमेने धास्तावला आहात, त्या ४,२०,००० रुपयांपासूनच सुरुवात करतो, कारण हा आकडा डोक्यातून गेल्याशिवाय बाकीचा हिशेब आपल्याला शांतपणे करता येणार नाही. ही रक्कम आपण भरू नये, तिच्यापोटी काही भाग भरण्याची तयारी दाखवू नये आणि ‘निम्म्यावर मिटवा’ अशी तोंडी बोलणीही करू नयेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद ज्या नियमपुस्तिकेनुसार अभियांत्रिकी महाविद्यालयांना मान्यता देते, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की विद्यार्थ्याने कोणत्याही टप्प्यावर प्रवेश रद्द केला तरी संस्थेने त्याच्याकडे पुढील वर्षांचे शुल्क मागू नये आणि त्याची कागदपत्रे सात दिवसांत परत करावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनेही मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. संस्थेने मूळ कागद पाहावेत, पडताळावेत आणि तिथल्या तिथे परत द्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका वर्षानुवर्षे कार्यालयाच्या कपाटात पडून असतात आणि पालकही त्या मागत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हमीपत्राचा धाक मात्र थोडा समजून घ्यायला हवा, कारण तो अगदीच हवेतून आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये इस्लामिक अकादमी प्रकरणात संस्थांनी एका वेळी एकाच सत्राचे किंवा वर्षाचे शुल्क घ्यावे असे सांगताना, एखादा विद्यार्थी मध्येच सोडून जाईल अशी शंका असेल तर फार तर त्याच्याकडून उर्वरित शुल्काचे बंधपत्र घेता येईल, असेही म्हटले होते. संस्था मुद्रांकावर सह्या घेतात त्यामागे हे वाक्य असते. पण परिषदेचा नियम तंत्रशिक्षण संस्थांना थेट लागू आहे. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती सगळी आपोआप वसूल होत नाही. झालेल्या नुकसानीच्या मानाने वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि तीही दिवाणी न्यायालयाने दिली तर. म्हणजे महाविद्यालयाला खरोखर काही येणे आहे असे वाटत असेल, तर त्याने दावा लावावा. दाखला रोखून वसुली करणे हा त्याचा मार्ग नव्हे. (वैद्यकीय शिक्षणातील जागा सोडण्याचे बंधपत्र ही निराळी गोष्ट आहे. शेजारच्या डॉक्टरच्या मुलाने लाखो रुपये भरल्याचे कोणी सांगितले, तर ते आपल्या प्रकरणाला जोडू नये.)

आता भरलेल्या पैशांविषयी. येथे मला आपली निराशा करावी लागेल.

महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेशाच्या अंतिम तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला, तर एक हजार रुपये वजा करून शुल्क परत मिळते, आणि ती तारीख उलटल्यावर फक्त अनामत रक्कम मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे धोरण थोडे अधिक उदार आहे. २०२४-२५ या वर्षासाठी त्याने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून परतावा असे ठरवून दिले होते. त्यानंतर २०१८ च्या अधिसूचनेतील टप्पे लागू होतात आणि तेही प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेनंतर तीस दिवसांत संपतात. आता, जानेवारी २०२५ अखेर, यांपैकी कोणतेच दार उघडे नाही. त्यामुळे शुल्कापैकी आपल्याला परत मिळेल ती अनामत, म्हणजे ज्याला कार्यालयात ‘कॉशन मनी’ किंवा ‘डिपॉझिट’ म्हणतात ती. प्रवेशाच्या वेळच्या पावत्या काढून त्यांत ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह यांची अनामत वेगवेगळी दाखवली आहे का, ते पाहा. अनेक पालकांना तीन अनामती भरल्याचे आठवतच नाही आणि एकच परत घेऊन ते घरी येतात.

या सदरासाठी अशी पत्रे बहुधा डिसेंबर-जानेवारीत, पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर येतात. मुलाला मात्र ऑक्टोबरमध्येच कळून चुकलेले असते. ज्यांच्या घरात पुढच्या वर्षी कोणी प्रवेश घेणार आहे, त्यांनी आयोगाच्या त्या वर्षीच्या परतावा तारखा प्रवेशाच्या दिवशीच वहीत लिहून ठेवाव्यात.

आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र परताव्याची तारीख गेली, यातून एक सोयीची गोष्टही निघते. आता प्रवेश रद्द करण्याची घाई करण्याचे आर्थिक कारण उरलेले नाही. आज रद्द केला काय आणि जूनमध्ये केला काय, महाविद्यालयाकडून येणारी रक्कम तेवढीच. आपल्या दृष्टीने खरी महत्त्वाची तारीख पुढेच आहे, आणि ती म्हणजे दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची, अर्थात बँकेने कर्जाचा दुसरा हप्ता महाविद्यालयाच्या खात्यात वळता करण्याची तारीख. तोपर्यंत मुलाचे नाव पटावर राहू द्यावे, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण शिष्यवृत्तीचे आहे. आपली ५० टक्के सवलत म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आणि तिची रक्कम महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळामार्फत दोन हप्त्यांत येते, म्हणजे आपल्या बाबतीत ढोबळमानाने ३०,००० आणि ३०,०००. मुलाने आत्ता नाव काढून घेतले, तर दुसरा हप्ता येणार नाही हे गृहीत धरा, आणि मग महाविद्यालय ते ३०,००० रुपये आपल्याकडे मागेल. प्रवेशाच्या वेळी ‘शिष्यवृत्ती मंजूर न झाल्यास फरक भरीन’ असे लिहून घेतलेले असते. चार लाखांच्या मागणीला आधार नाही, पण चालू वर्षाच्या या मागणीत तथ्य आहे. मुलगा दुसऱ्या सत्रात हजेरी टिकवून परीक्षेला बसला, विषय राहिले तरी बसला, तर ही अडचण बहुतांशी टळते. त्याच्या महाडीबीटीच्या खात्यात जाऊन अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकला आहे हे आजच पाहा. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवरच पडून असेल, तर कार्यालयाकडे लेखी पाठपुरावा सुरू करा.

दुसरे कारण बँकेचे. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष परतफेडीची सूट असते. शिक्षण सोडले की ही सूट संपते आणि बँक हप्ते सुरू करते. आपले उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यामुळे केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत आपण अर्ज केला असेल, तर तेही लक्षात घ्या : अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला हे अनुदान मिळत नाही. अपवाद फक्त वैद्यकीय कारणाचा, तोही संस्थाप्रमुखाचे समाधान होईल अशा कागदपत्रांसह. शिवाय हा लाभ एका विद्यार्थ्याला एकदाच मिळतो, त्यामुळे कृषी पदवीसाठी नवे कर्ज घेताना अनुदानाच्या भरवशावर राहू नका. पुढील अभ्यासक्रमासाठी शुल्क सवलत पुन्हा लागू होईल, हेही धरून चालू नका. नव्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात मुलाची सगळी शैक्षणिक हकीकत न लपवता सांगून, अर्ज भरण्यापूर्वीच खुलासा करून घ्या.

तरीही कर्जाचा आकडा भिण्यासारखा नाही. मंजुरी चार लाखांची असली, तरी उचल फक्त ८०,००० रुपयांची आहे आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. दर दहा टक्के धरला, तर वर्षाचे साधे व्याज ८,००० रुपये होते, आणि हे ८०,००० रुपये तीन वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता साधारण २,५८१ रुपयांचा बसतो. उलट यजमान म्हणतात तसे चारही वर्षे रेटून पूर्ण चार लाख उचलले, तर शिक्षणकाळातील व्याज बाजूला ठेवले तरी त्याच दराने दहा वर्षे महिन्याला सुमारे ५,२८६ रुपये भरावे लागतील, आणि तेही पदवी वेळेत मिळून लगेच नोकरी लागली तर. एटीकेटीत, म्हणजे राहिलेल्या विषयांत, अडकून एखादे वर्ष राहिले, ‘इयर डाऊन’ झाले, तर वसतिगृह आणि मेस यांचा खर्च वाढेल तो वेगळाच. यजमानांना हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवा. गेलेल्या दीड लाखाकडे ते पाहत आहेत, आणि घाम गाळून मिळवलेल्या पैशाबद्दल तसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण मुलगा शिकला काय नि सोडला काय, ते पैसे दोन्हीकडे गेलेलेच आहेत. निर्णय घ्यायचा आहे तो अजून न भरलेल्या तीन वर्षांच्या पैशांचा.

बँकेत जाताना मात्र लपवाछपवी नको. काही पालक दुसरा हप्ता घेतात, मुलाला पुढे सोडायला लावतात आणि मध्ये हातात आलेल्या पैशांनी घरातील दुसरी नड भागवतात. तो मार्ग पुढे फार महागात पडतो. जूनमध्ये शाखाधिकाऱ्यांना मुलाच्या आणि यजमानांच्या सहीचे पत्र द्या. पुढील वितरण थांबवावे, शिल्लक कर्जाचा उतारा द्यावा आणि परतफेडीचे वेळापत्रक ठरवून द्यावे, एवढेच त्यात मागा. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा अधिक थकला, तर खाते अनुत्पादक ठरते आणि मुलाच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, तर डाग पडतोच, पण सहकर्जदार म्हणून यजमानांच्याही सिबिलवर पडतो. घरात आणखी कर्जे लागणार असतील, तर हा डाग ८०,००० रुपयांपेक्षा जड जाईल. शक्य असल्यास हे कर्ज नव्या प्रवेशाच्या आतच फेडून टाकणे सर्वांत सरळ. अनामतीचे पैसे बँकेने भरलेल्या रकमेतले असतील, तर ते कर्जखात्यात जमा व्हावेत अशी बँकेची अपेक्षा असते. त्यात गैर काही नाही, कर्ज तेवढे कमी होईल.

तिसरे कारण प्रवेश परीक्षेचे आहे. कृषी पदवीचे प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर होतात आणि तिचे अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरले जातात. मुलाने अभियांत्रिकीचा प्रवेश रद्द न करता हा अर्ज भरण्यास अडचण नाही. सीईटी झाली, निकाल लागला आणि कृषीसाठी आशादायक गुण दिसले, म्हणजे मग हातातली जागा सोडावी. आज नाव काढून मुलगा घरी आला आणि सीईटीत कमी पडला, तर त्याच्याकडे एकही महाविद्यालय उरणार नाही आणि एका वर्षाच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र घेऊन पुढच्या वर्षी दारोदार फिरावे लागेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जागा मर्यादित आहेत. खाजगी कृषी महाविद्यालयांचे शुल्क मात्र आधी विचारून ठेवा. विनाअनुदानित संस्थेत जायचे असेल, तर अभियांत्रिकीचीच आर्थिक गणिते नव्या नावाने पुन्हा मांडावी लागतील, आणि त्या वेळी ‘मुलाची आवड’ एवढेच उत्तर पुरणार नाही.

दुसऱ्या सत्राचे जे विषय सुटतील, त्यांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मुलाच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन श्रेयांक-खात्यात जमा होतील आणि ते सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्याला पुरेसे क्रेडिट असल्यास प्रमाणपत्राचीही तरतूद आहे. कृषी पदवीत यांचा फारसा उपयोग होईल असे मला वाटत नाही, त्यामुळे निव्वळ क्रेडिटसाठी थांबा असे मी म्हणणार नाही.

हे सगळे मी मुलगा मनाने बरा आहे असे धरून लिहिले. आपल्या पत्रात त्याच्या झोपेविषयी, जेवणाविषयी, मित्रांविषयी एक शब्द नाही. तो वर्गात जात नसेल, खोलीत पडून राहत असेल, फोनवर तुटक बोलत असेल, तर वर मांडलेला ३०,००० रुपयांचा हिशेब बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच त्याला घरी आणा. डॉक्टरांना दाखवा, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. डॉक्टरांचे कागद जपून ठेवा, कारण व्याज अनुदानाच्या अपवादासाठी नेमके तेच लागतात. अशा वेळीही प्रवेश लगेच रद्द करायची गरज नाही, प्राचार्यांना वैद्यकीय रजेचा अर्ज द्यावा. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे सत्र ग्राह्य धरले गेले नाही, तरी चालेल.

प्रवेश रद्द करण्याची वेळ येईल तेव्हा अर्ज मुलाच्या सहीचा हवा, कारण तो सज्ञान आहे. यजमानांची सही खाली असू द्या. अर्जात कारणांचा पाल्हाळ नको. ‘मी प्रथम वर्ष अभियांत्रिकीचा प्रवेश अमुक तारखेपासून स्वखुशीने रद्द करीत आहे. माझी सर्व मूळ कागदपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका व स्थलांतर प्रमाणपत्र नियमाप्रमाणे सात दिवसांत मिळावे, तसेच सोबतच्या पावत्यांनुसार अनामत रक्कम परत मिळावी,’ एवढा मजकूर पुरे. अर्ज लिपिकाच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ‘साहेब आल्यावर घेऊ’ असे सांगून प्रत परत केली, तर बाहेर पडून लगेच तोच अर्ज स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि महाविद्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर ईमेलही करा. नो ड्यूजच्या (काही येणे बाकी नसल्याच्या) कागदावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह अशा सह्या गोळा करताना एखाद्या विभागाने शुल्काचे कारण सांगून सही नाकारली, तर ते कारण त्याच कागदावर लिहून द्यायला सांगा. लिहून मागितल्यावर पुष्कळ कारणे आपोआप नाहीशी होतात.

कार्यालयाने तरीही ४,२०,००० रुपयांचाच हेका धरला, तर तीही मागणी लेखी द्या म्हणावे. लेखी आली, तर ते पत्रच आपल्या तक्रारीचा पुरावा. पहिली तक्रार महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे करावी. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल, तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते आणि त्यांनी तीस दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे. तक्रारीची प्रत परिषदेला आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पुणे विभागीय कार्यालयाला पाठवावी. मान्यतेच्या नूतनीकरणाशी संबंध असल्यामुळे संस्था या दोन प्रतींची दखल वकिलाच्या नोटिशीपेक्षा लवकर घेतात, असा अनेक पालकांचा अनुभव आहे. ग्राहक आयोगात जा, असे आपल्याला कोणीतरी सांगेलच, पण शिक्षणसंस्था ‘सेवा पुरवठादार’ ठरत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या महर्षी दयानंद विद्यापीठ प्रकरणात म्हटले आहे आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये तोच धागा पुढे नेला. त्या वाटेवर वेळ घालवू नये.

वसतिगृहाचे थोडक्यात. मुलगा मे महिन्यापर्यंत राहिला, तर भरलेले ७५,००० रुपये वापरले गेलेच. आधी घरी आणावा लागला, तर खोलीचे भाडे परत मिळण्याची आशा कमी, पण न जेवलेल्या महिन्यांचे मेसचे पैसे लेखी मागावेत आणि खोली रिकामी केल्याची तारीख अधीक्षकांकडून लिहून घ्यावी, नाहीतर अनामतीतून भाडे कापले जाते.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून कर्ज नसल्याचे पत्र घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी मुलाचा व यजमानांचा सिबिल अहवाल काढून खाते ‘बंद’ दाखवले आहे ना, ते पाहा. जुनी करप्रणाली निवडली असेल, तर भरलेल्या व्याजाची वजावट प्राप्तिकरात यजमानांना घेता येते. त्यासाठी बँकेकडून दर आर्थिक वर्षाचे व्याजाचे प्रमाणपत्र मागून ठेवा.